लेकरू शी दाबून धरतं, औषध बंद केलं की परत तेच : आमचं नेमकं काय चुकत होतं

ज्यांच्या घरी अडीच-तीन वर्षांचं लेकरू चार-चार पाच-पाच दिवस शी करत नाही, शी आली की पळून कवाडाआड जाऊन उभं राहतं, अन् औषध दिलं की आठ-पंधरा दिवस बरं जातं अन् बंद केलं की पुन्हा जसंच्या तसं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या घरी हे वर्षभर चाललं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, आर्णीकडचे, घरी शेती, सासू-सासरे, मोठी मुलगी अन् हा लहाना. मोठीच्या वेळी काहीच त्रास नव्हता, दोन वर्षांची झाली तशी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, पेपरवर बसायला लागली अन् विषय संपला. त्यामुळं लहान्याचं हे सुरू झालं तेव्हा मी आधी हट्टच समजले, रागावले, एकदा चापटही मारली, अन् ते आजही मनाला लागतं म्हणून पहिलीच गोष्ट सांगते, हा हट्ट नाही. लेकरू भ्यालेलं असतं.

सुरुवात मे महिन्यात झाली. आमच्याकडं मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास, घरात नात्यातलं लग्न, तीन दिवस लेकरू मंडपात फिरतंय, पाणी कोणी पाजलं कोणी नाही, हातात सारखं बिस्किट नाहीतर बुंदी. घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी जी शी झाली ती एवढी जाड अन् कडक की लेकरू किंचाळलं, अन् शीवर लाल रक्ताची रेघ. कडक शीनं तिथल्या नाजूक कातडीला चीर पडते, डॉक्टर तिला फिशर म्हणतात, मोठ्या माणसाला झाली तर तो रडकुंडीला येतो, इथं तर अडीच वर्षांचं लेकरू. अन् नेमकं त्याच आठवड्यात आम्ही त्याचं डायपर सोडवून संडासात बसवायला घेतलं होतं, कारण तीन वर्षं झाली की अंगणवाडीत टाकायचं, तिथं डायपर कसं चालणार. झालं, दुखणं अन् संडास ही दोन्ही त्याच्या डोक्यात एकाला एक चिकटली. तो म्हणायचा, "आई, शी चावते." आम्ही सगळे त्या बोलण्याचं कौतुक करत होतो, पण तो खरंच तेच सांगत होता.

आता आत काय होतं ते समजून घ्या, कारण हे समजल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही. शी दुखते म्हणून लेकरू दाबून धरतं. धरलेली शी आतच थांबते, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, शी आणखी कडक होते, मागून येणारी तिच्यावर साचते, गोळा मोठा होतो. पाच दिवसांनी जेव्हा ती बाहेर येते तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त दुखतं, म्हणजे लेकराची भीती खरी ठरते, पुढच्या वेळी ते अजून जोरानं धरतं. अन् हे महिना-दोन महिने चाललं की शी साठायची जी शेवटची जागा असते ती ताणून ताणून सैल पडते, फुगा दहा वेळा फुगवून सोडला की कसा ढिला होतो तशी. मग लेकराला शी आल्याचं कळतच नाही. आपण विचारतो "शी आली का?" अन् ते "नाही" म्हणतं, ते खोटं बोलत नसतं, त्याला खरंच जाणवत नाही. ही सैल पडलेली जागा परत आपल्या मापाला यायला महिने लागतात. महिने, आठवडे नाही. आमची सगळी चूक या एका शब्दात होती.

ओळखायचं कसं

आमचा लहाना शी आली की खेळता खेळता एकदम थांबायचा, टाचा वर करून बोटांवर उभा राहायचा, पाय एकमेकांवर आवळायचा, तोंड लाल, अंगाला घाम, खाटेचा पाय नाहीतर माझं लुगडं घट्ट धरून थरथरायचा. सासूबाई म्हणायच्या, "जोर लावून रायला वं तो, थांब जराशी, आता होते." मलाही तेच वाटायचं. पण तो जोर बाहेर काढायला नव्हता, आत धरायला होता. शी करायची असते तेव्हा लेकरू खाली बसतं, गुडघे वाकवतं. धरायची असते तेव्हा ताठ होतं. हा एवढा फरक बघा, पाच मिनिटांत कळेल. धरून धरून ती कळ निघून जाते अन् लेकरू परत खेळायला पळतं, आपल्याला वाटतं, चला, पोटात दुखायचं थांबलं.

शीचं बघायचं झालं तर बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, किंवा भेगाळलेला जाड दांडा, दोन्ही वाईट. आपल्याला हवी ती घट्ट पिठल्यासारखी, ताटात टाकली तर पसरते पण वाहत नाही अशी. लेकरू धरून बसणारं असेल तर पिठल्यापेक्षा थोडी पातळ असली तरी चांगलंच, कारण मऊ शी धरून ठेवणं अवघड जातं.

सगळ्यात मोठा धोका, यात आम्ही दोनदा फसलो

जुलैमध्ये लहान्याच्या चड्डीत पातळ पातळ शी लागायला लागली, दिवसातून सहा-सात वेळा, वास भयंकर. आम्हाला वाटलं हगवण. त्यावेळी एका दवाखान्यातून जुलाब थांबायचं औषध मिळालं, घरात ओआरएस सुरू, अन् पोट साफ व्हायचं जे गोड औषध चालू होतं ते बंद केलं. लेकरू आठ दिवसांत असं फुगलं की पोटावर टिचकी मारली तर टणटण. नंतर यवतमाळला लहान मुलांच्या डॉक्टरांनी पोट हातानं दाबून दाखवलं, डाव्या बाजूला खाली गोळाच लागत होता, माझा हात धरून मलाही लावून दाखवला. त्यांनी सांगितलं की आत वाट बंद आहे, वरून येणारी पातळ शी त्या गोळ्याच्या बाजूबाजूनं झिरपून बाहेर येते, नाली तुंबली की कडेनं पाणी वाहतं ना, तसं. ही हगवण नाही, हा बद्धकोष्ठच आहे, अन् यात जुलाब थांबायचं औषध म्हणजे बंद वाटेला वरून अजून कुलूप. म्हणून आधी चार-पाच दिवस शी झाली नाही अन् मग अचानक चड्डी सारखी भरते, लेकराला ताप नाही, खेळतंय, तर स्वतःच्या मनानं हगवणीचं औषध देऊ नका, पोट तपासून घ्या. अन् चड्डी भरली म्हणून लेकराला बोलू नका, त्याला ते कळलेलंही नसतं.

आमच्याकडं जे करून पाहिलं अन् जे करायला नको होतं

एरंडेल. सासूबाईंनी दुधातून दिलं, प्रेमानंच दिलं, त्यांच्या काळी हाच उपाय होता अन् त्यांनी पाच लेकरं वाढवली. पण एरंडेल आतड्याला पिळून काढतं. रात्रभर लेकरू पोट धरून लोळलं, पहाटे सगळं एकदम बाहेर आलं, पुन्हा चीर, पुन्हा रक्त. पुढचे नऊ दिवस त्यानं शी केली नाही. साबणाची वडी लावणं, विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून लावणं, हेही गावात सर्रास करतात, एकदा शी निघते म्हणून उपाय लागू पडला असं वाटतं. पण विचार करा, ज्या जागेला हात लावायला लेकरू भीतं, तिथंच चार माणसांनी हातपाय धरून काहीतरी घालायचं. साबणानं आतली कातडी जळजळते ती वेगळीच. मेडिकलमधून आणून शीच्या जागी घालायची बत्ती अन् एनिमा, ते डॉक्टर म्हणाले तरच, अन् रोजचा उपाय म्हणून तर नाहीच. इसबगोलही मनानं देऊ नका, आधीच आत गोळा असेल अन् लेकरू पाणी पीत नसेल तर तो गोळा आणखी मोठा होतो.

शेजारपाजारचे म्हणतील जंत आहेत. जंताची गोळी १० फेब्रुवारीच्या अन् १० ऑगस्टच्या सुमाराला अंगणवाडीत मिळते, एक ते दोन वर्षांपर्यंत अर्धी, दोनच्या वर पूर्ण, ती जरूर द्या, पण शी धरायची सवय त्या गोळीनं जात नाही. आशाताई आठवड्यातून दोनदा जे लोहाचं औषध १ मिली पाजायला सांगतात त्यानं शी काळपट होते, एखाद्या लेकराची थोडी घट्टही होते, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, परस्पर बंद करू नका, आपल्याकडं लेकरांच्या अंगात रक्त कमी असणं हा काही लहान प्रश्न नाही.

मग काय केलं

पहिली गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती ऐकून मला धक्काच बसला. संडासात बसवणं बंद करा. पूर्ण बंद. डायपर मागतोय तर डायपर द्या, दाराआड उभा राहून करतोय तर तिथं करू द्या. मी म्हटलं, डॉक्टर, अहो आता दोन महिन्यांनी अंगणवाडीत टाकायचंय. ते म्हणाले, शी कुठं करतो हे नंतर बघू, आधी शी दुखत नाही हे त्याला कळू द्या. हे मी आता जीव तोडून सगळ्यांना सांगते, आधी शी मऊ, मग पॉट. उलटं केलं की काहीच होत नाही. सू संडासात करतं पण शी करायला नाही म्हणतं अशी लेकरं पुष्कळ असतात. अमेरिकेत १९९७ साली ४८२ लेकरांवर पाहणी झाली होती, त्यातली २२ टक्के लेकरं निदान महिनाभर तरी अशी अडून बसली होती. म्हणजे पाचातलं एक. आपल्याच लेकराला काही झालंय असं धरून बसू नका.

दुसरं, साठलेला गोळा बाहेर काढणं. हे आधी करावंच लागतं, गोळा आत तसाच ठेवून रोजचं थोडं थोडं औषध दिलं तर नुसतं झिरपणं वाढतं. आमच्या डॉक्टरांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, पाण्यात विरघळते, चव फारशी लागत नाही. ती आतड्यातून अंगात फारशी शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते अन् शी ओली राहते, एवढंच तिचं काम. साफ करायच्या दिवसांत वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस, अन् नंतर रोजचा डोस, तोही दर किलोमागेच, ०.२ ते ०.८ ग्रॅमच्या दरम्यान, असा साधारण हिशोब असतो. हे आकडे यासाठी देते की डॉक्टरांशी बोलताना आपल्याला समजावं, शेजारणीच्या लेकराची बाटली आणून पाजायला नाही, डोस आपल्या लेकराचं वजन बघून डॉक्टरच ठरवतील. पावडर मिळाली नाही तर लॅक्टुलोजचं गोड औषध देतात, तेही चालतं, त्यानं पोटात वारा थोडा धरतो. साफ करायचे ते तीन दिवस घरीच राहा, शेताची कामं असतील तर कोणाला तरी सांगा, कारण चड्ड्या-चादरी धुण्यातच दिवस जातो. मी दोन दिवस सोयाबीनच्या निंदणाला गेले नाही, रोज बुडाला, पण बरं केलं. चौथ्या दिवशी लेकरू पोट भरून जेवलं, किती दिवसांनी.

तिसरं, अन् हेच आम्ही चुकलो. लहान्याला पंधरा दिवसांत इतकं बरं वाटलं की मी औषध बंद केलं. सगळे म्हणत होते सवय लागेल, एवढ्याशा लेकराला रोज रोज औषध कायले पाजतं. पोळ्याच्या आधी पुन्हा टाचा वर. परत गोळा, परत साफ करणं, परत सुरू. दिवाळीला माहेरी गेलो तेव्हा बाटली घरीच राहिली, पाच दिवस खंड, अन् तिसऱ्यांदा तेच. त्यावेळी मी डॉक्टरांसमोर रडले. त्यांनी शांतपणे समजावलं, या औषधाची आतड्याला सवय लागत नाही, कमी दिवस दिल्यानं आजार परत येतो. निदान दोन महिने द्यायचं, सगळं नीट होऊन वर एक महिना नीटच राहिलं तरच कमी करायला घ्यायचं, तेही एकदम बंद नाही, हळूहळू, अन् पॉटची शिकवण चालू असेल तर ती पूर्ण होईपर्यंत औषध सोडायचंच नाही. ही ओळ मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवली. कोणी सवयीचं बोललं की तेच दाखवायची. एक दिवस मी सासूबाईंना मुद्दाम डॉक्टरांकडं सोबत नेलं, त्यांच्याच तोंडून ऐकवलं, त्या दिवसापासून पावडर वेळेवर द्यायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं, मी वेचणीला गेले तरी काळजी नव्हती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय गावात हे होत नाही, हे माझं ठाम मत आहे.

बसवायला परत कधी अन् कसं

दिवाळीनंतर साधारण दोन महिने शी रोज किंवा दिवसाआड, मऊ, न रडता होत होती, तेव्हा संक्रांतीच्या सुमाराला परत हात लावला. पण संडासापासून नाही. आपला गावातला संडास लेकराच्या डोळ्यांनी बघा एकदा, मी खरंच आत जाऊन उकिडवी बसून बघितलं. स्वच्छ भारतच्या १२ हजारांत बांधलेला दोन खड्ड्यांचा संडास, टिनाचं दार, आत अंधार, भिंतीवर पाल, पाय ठेवायच्या जागा मोठ्या माणसाच्या अंतरावर, अन् कमी पाण्यात वाहून जावं म्हणून त्या भांड्याला उतार भलता खोल असतो, लेकराला वाटतं आपण आत जाणार. वरून बादलीभर पाण्याचा आवाज. कोण बसेल?

आम्ही आठवडी बाजारातून प्लास्टिकचा पॉट आणला. नाही मिळाला तर दोन विटा अन् मधे पेपर, तेही उत्तम, पाय भुईला टेकलेले अन् गुडघे वर आलेले, अशा बसण्यात शीची वाट सरळ होते. पाय लोंबकळत असतील तर जोर लागतच नाही. पॉट पहिले आठ दिवस नुसता ओसरीवर ठेवला, चड्डी घालूनच त्यावर बसायचं, गोष्ट सांगायची. मग जेवण झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी, कारण पोटात अन्न पडलं की खालचं आतडं आपोआप हलायला लागतं, तेव्हा पाच मिनिटं बसायचं, फार तर दहा, झाली तर झाली नाहीतर उठ बाळा खेळायला जा. सकाळी भाकर-दूध झाल्यावर एकदा अन् रात्री जेवल्यावर एकदा, वेळ ठरलेली, म्हणजे रोज त्यावरून ओढाताण नाही. हातात फुगा नाहीतर पिपाणी द्यायची, फुंकताना पोटावर जोर येतो अन् खालचं ढिलं पडतं, लेकराला "जोर लाव" म्हणून कळत नाही पण फुंकणं कळतं.

डायपरचं असं केलं. तो डायपर मागून दाराआड करायचा. आधी तसंच. मग डायपर लावूनच पण पॉटजवळ उभं राहून. मग डायपर लावून पॉटवर बसून. मग डायपरला खालून भोक पाडून. शेवटी डायपर नुसता पॉटमध्ये अंथरून. एकेका पायरीला आठ-दहा दिवस लागले, एका पायरीवर तर तीन आठवडे अडलो होतो, मागं गेलो, परत पुढं आलो. डायपरचा खर्च गावात जड जातो हे मला माहीत आहे, म्हणून मोजून एकच शीच्या वेळेला लावायचा, बाकी दिवसभर चड्डी.

बसल्याबद्दल माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली कॅलेंडरवर त्यानं स्वतः चिकटवायची. शी केल्याबद्दल नाही, बसल्याबद्दल. हे ध्यानात ठेवा, शी होणं त्याच्या हातात नसतं, बसणं असतं. त्याच कॅलेंडरवर मी बारीक खुणा करायची, किती वेळा झाली, खडे की पिठलं, चड्डीत लागली का. डॉक्टरांनी हे बघून डोस कमी-जास्त केला, आठवणीवर काही राहत नाही.

अन् घरात बोलणं बदललं. आधी अंगणात कोणीही आलं की पहिलं वाक्य, "आज हागला का बे तू?" मामाजी, शेजारचे काका, दूधवाला, सगळे. लेकरू आत पळायचं. शी झाली की "छी, घाण" म्हणायचं अन् मग त्याच लेकरानं मोकळेपणानं करावी असं म्हणायचं, हे कसं जमेल. सगळ्यांना हात जोडून सांगितलं, पंधरा दिवस कोणी विचारायचं नाही. पॉटमधली शी संडासात ओतायची, उकिरड्यावर नाही, साबणानं हात धुवायचे, अन् लेकराला सांगायचं, शी गेली तिच्या घरी. एवढंच.

खाण्याचं थोडं

खाण्यानंच बरं होईल असं कोणी सांगितलं तर पूर्ण खरं नाही. भीती बसल्यावर नुसत्या पालेभाजीनं ती जात नाही, औषधासोबत खाणं असं आहे. आमच्याकडं मोठा दोष दुधाचा निघाला. घरी म्हैस, म्हणून लेकरू दिवसात लिटरभर दूध, अन् मग भाकरीला तोंड लावत नाही. ते दोन कपांवर आणलं, दिवसाला ४००-५०० मिली, बाटली सोडून पेल्यानं. दूध कमी झालं तशी भूक लागली. ज्वारीची भाकर तुरीच्या वरणात कुस्करून, बरबटी (चवळी), अंबाडीची भाजी, जांब (पेरू), पपई, दिवाळीच्या पुढं आंबिया बहाराची संत्री निघतात तेव्हा रस न काढता फोडी बिया काढून, रात्री भिजवलेल्या मनुका कुस्करून. टोस्ट, खारी, मैद्याची बिस्किटं अन् दुकानातल्या पाकिटांचं घरात आणणंच कमी केलं, कारण घरात असलं की आजोबा देतातच. पाणी मात्र उन्हाळ्यात मागायची वाट बघू नका, दर थोड्या वेळानं दोन घोट, गडवा त्याच्या हाताला लागेल असा ठेवा.

परत आलं तर

येतंच, अन् आलं म्हणून सगळं फुकट गेलं असं नाही. आमच्याकडं ताप आला तेव्हा, मामाच्या गावी गेलो तेव्हा, अन् होळीनंतर ऊन तापायला लागलं तेव्हा टाचा परत वर आल्या. आता आम्ही वाट बघत नाही. दोन दिवस शी नाही किंवा एकदा कडक खडे दिसले की डॉक्टरांनी सांगून ठेवलेला वाढीव डोस त्याच दिवशी, अन् पॉटवर बसवायचा आग्रह आठ दिवस बंद, डायपर मागितला तर देतो. पाचव्या दिवसापर्यंत थांबलं की गोळा होतो अन् मग पुन्हा पहिल्यापासून. गावाला जाताना पॉट अन् पावडर पिशवीत पहिले. अंगणवाडीत सेविकाताईंना आधीच सांगून ठेवा, लेकरू घाबरतं, जबरदस्ती करू नका, चड्डी भरली तर बाकीच्यांसमोर बोलू नका, एक जादा चड्डी दप्तरात. सकाळची बसायची वेळ अंगणवाडीच्या आधी घरीच उरकली की अर्धी चिंता कमी.

अन् काही गोष्टी असल्या तर हे घरचं सगळं बाजूला ठेवून लवकर दाखवा. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, किंवा पहिल्या महिन्यापासूनच शीचा त्रास आहे. पोट खूप फुगलंय अन् उलट्या, त्यात हिरवी उलटी म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. वजन वाढत नाही. पाय लुळे वाटतात, चालणं बदललं. कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका आहे. शी सारखी रिबिनीसारखी बारीक येते. चीर दिसत नाही तरी रक्त जातंय. यातलं काही असेल तर कारण वेगळं असू शकतं. यवतमाळ-नागपूरला जायला पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासायला येतं, लेकरू अजून अंगणवाडीत जात नसलं तरी त्या दिवशी घेऊन जा, सेविकाताईंकडून तारीख विचारून ठेवा, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवायची सोय होते.

डॉक्टरांकडं जाताना एवढं सांगता आलं पाहिजे, आठवड्यात किती वेळा होते, कशी होते, रक्त दिसतं का, चड्डीत लागते का, उभं राहून धरतं का, अन् कोणतं औषध किती दिवस दिलं अन् कधी बंद केलं. हे शेवटचं लपवू नका, मी पहिल्यांदा लपवलं होतं अन् त्यामुळं डॉक्टर दुसऱ्याच कारणाच्या मागं लागले.

आता लहाना साडेतीन वर्षांचा झाला. ओसरीवरचा पॉट सरकत सरकत सांदवाडीत गेलाय, संडासाच्या दारापाशी. त्याच्या बाबांनी आत बल्ब लावून दिला अन् भांड्यावर ठेवायला छोटी फळी करून दिली, परवा तो दार उघडं ठेवून त्यावर बसला, फुगा हातात घेऊन, अन् आतूनच ओरडला, "आई, शी नाई चावली!" पावडर अजून चालू आहे, फेब्रुवारीपासून डॉक्टरांनी दोनदा कमी केली. आता जून लागतोय पण ऊन गेलेलं नाही, त्यामुळं चांगला पाऊस पडून पेरण्या उरकेपर्यंत आहे तोच डोस ठेवायचा असं आम्ही दोघांनी अन् डॉक्टरांनी ठरवलंय.